रिकाम्या जागेचा हिशेब

यंत्राच्या पोटात आणखी एक यंत्र राहू शकते, हे आमच्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना प्रथम ऐकताना भुताखेतांच्या गोष्टीसारखे वाटते. कल्पना मात्र जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली, तीच मुळी एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक नांदावेत म्हणून. आता ही सोय घरच्या लॅपटॉपवरही होते. आमच्या लॅपटॉपवर दादाने अभ्यासासाठी असाच एक बिऱ्हाडकरू ठेवला होता.

मला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. परंतु गेल्या वर्षापासून मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करू लागले. आजीने पंच्याऐंशी ओलांडली आहे. सीडीच्या दर्जाचे मुद्रण मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते, म्हणजे तासाला ६०० एमबी. डिस्कवर उरले होते जेमतेम ३ जीबी, पाच तासांपुरते. आजीच्या ओव्या काही पाच तासांत संपणाऱ्या नव्हेत.

दिवाळीत दादा आला. त्याने आभासी संगणक उघडला, तर तो आतून सांगत होता, “मी ९ जीबीच वापरतो.” बाहेर मात्र त्याच्या डिस्कची फाइल ६० जीबींची! अशी फाइल गरजेप्रमाणे फुगत जाते; आतले सामान काढले म्हणून आपण होऊन आक्रसत नाही. घरातली माणसे गेली म्हणून काही भिंती जवळ येत नाहीत. आपला जुना प्रकल्प पेनड्राइव्हवर घेऊन दादाने ते यंत्र यादीतून काढून टाकले. तरी जागा ३ जीबीच! सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले, वाडा जागच्या जागी उभा. ती फाइल शोधून पुसली, तर कचरापेटीत जाऊन बसली; नकोशी वस्तू माळ्यावर जाते तशी. कचरापेटी रिकामी केली, तेव्हा कुठे ६० जीबी हाती आले. शंभर तासांच्या ओव्या!

दादा म्हणाला, पुसले तरी मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतोच असे नाही. ‘ही जागा मोकळी’ एवढीच आधी नोंद होते. मला आजी आठवली. एखादी ओवी ती “विसरले गं” म्हणून सोडून देते. मग रिकामे जाते ओढायला बसवले, की खुंट्याच्या चारदोन फेऱ्यांबरोबर तीच ओवी ओठांवर येते. तिच्या मनाने ती जागा मोकळी म्हणून लिहिली असेल, पण ओवी तिथेच असते. कुठवर असेल, ते मात्र कोणी सांगावे?

आजपर्यंत चौदा तासांचे मुद्रण झाले आहे. जागा आता पुष्कळ आहे. घाई मात्र कमी झालेली नाही.