जोजिलाच्या अलीकडे

कारगिलहून पहाटे निघालो तेव्हा आभाळ नुसतं दाटलेलं होतं. नोव्हेंबरची अखेर. सुमोत आम्ही आठ जण. त्यात एक सासू-सून. सुनेला आठवा लागलेला, बाळंतपणासाठी श्रीनगरला निघालेल्या. जोजिला खिंड बंद झाली की मोठा दवाखाना पलीकडे आणि आपण अलीकडे, सासू म्हणजे अम्मा सांगत होती.

पांद्रासपाशी भुरभुर सुरू झाली. मटायन ओलांडेपर्यंत वारा असा सुटला, की बर्फ आभाळातून पडतोय की जमिनीवरून उठतोय ते कळेना. रस्त्याची कड, दरी, डोंगर, सगळं एकच पांढरं. ड्रायव्हरचाचा खिडकीतून डोकं बाहेर काढून कड शोधत होते. मीनामर्गच्या चौकीवर गाड्या अडवल्या होत्या. चाकांना चेन बांधलेल्यांनाही पुढे सोडत नव्हते. खिंडीत हिमकडा कोसळला होता.

जोजिला ३,५२८ मीटर उंच. लडाखमधल्या कितीतरी खिंडी तिच्याहून उंच आहेत. पण भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येणारे ढग काश्मीर ओलांडून याच भिंतीला अडतात आणि सगळं ओझं इथंच टाकतात. बालटाल ते मीनामर्ग असा तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खोदण्याचं काम तिथं चालू होतं. त्या दिशेला बघत अम्मा एवढंच म्हणाली, "पोराच्या आधी झाला असता तर!"

आम्ही मटायनला परतलो. एका घरानं विचारपूस न करता आठही जणांना आत घेतलं. बुखारीच्या शेगडीभोवती बसून नमकीन चहा प्यायलो. घरच्या बाईंनी आपली जाड रजई सुनेवर घातली. रात्रभर वारा पत्रे उचकटत होता. सून झोपली, अम्मा नाही. मीही नाही. माझं फार तर विमान चुकणार होतं, पण त्या दोघींकडे पाहताना ते मनात आणायचीही लाज वाटली.

दोन दिवस सीमा सडक संघटनेची माणसं बर्फ उपसत राहिली. पलीकडून तिच्या बीकन प्रकल्पाची, अलीकडून विजयक प्रकल्पाची. असल्या थंडीत, कधीही कोसळेल अशा उताराखाली ती कशी उभी राहतात, ते पाहिल्यापासून त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. तिसऱ्या सकाळी वाट एकेरी खुली झाली. चौकीवरच्या जवानानं सुनेला पाहिलं आणि आमची सुमो रांगेतून पुढे काढली.

सोनमर्गला झाडं दिसली तेव्हा कुठं अम्मा टेकून बसली. मांडीवरच्या रजईची तिनं नीट घडी घातली आणि चाचांच्या शेजारी ठेवली. मटायनला परत द्यायची होती, वाट मिटायच्या आत.