मृगाआधी

मे सरत आला की आमच्या वाडीवर गुरांचा डॉक्टर यायचा. खांद्याला बर्फ भरलेला थर्मास, त्यात घटसर्पाची लस. ‘मृग लागायच्या आत टोचून घ्या,’ हे आजोबांचं पालुपद. हवा दमट झाली की सकाळी धडधाकट असलेली गाय वैरण सोडते, गळा सुजतो, घरघर लागते आणि कधी कधी दिवस मावळायच्या आत दावं रिकामं होतं. त्या रिकाम्या दाव्याकडे आजी कितीतरी दिवस बघायची नाही.

इतक्या वर्षांनी हा आजार मला पुन्हा भेटला तो कझाकस्तानच्या माळावर, म्हणजे तिथल्या मरणाबद्दल वाचताना.

२०१५चा मे. बेतपाक-दालाच्या गवताळ प्रदेशात सायगाच्या माद्या विण्यासाठी जमल्या होत्या. सायगा हे कुरंग, आपल्या काळविटाच्या गोतातलं. (आपण सरसकट सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चितळ-सांबराची शिंगं दरसाल गळतात, यांची जन्मभर राहतात.) रूप असं की पाहणारा आधी हसतो. शेळीएवढं अंग आणि तोंडावर लोंबणारं, आखूड सोंडेसारखं फुगीर नाक. उन्हाळ्यात कळपाच्या खुरांनी उडालेली धूळ ते नाक गाळतं, हिवाळ्यात बर्फाळ वारा छातीत जाण्याआधी कोमट करतं. मॅमथ गेले, हे नाक टिकलं. माद्या सगळ्या आठ-दहा दिवसांत एकदम वितात. लांडग्यांनी खाऊन खाऊन किती खावं! पाडसही थोराड. आईच्या वजनाच्या मानानं एवढं मोठं पिल्लू खुरांच्या रानजनावरांत दुसऱ्या कुणाचं नाही. अंगातलं होतं नव्हतं ते पोटच्याला दिलेली आई त्या दिवसांत पार ओसरलेली असते.

त्यातच ऊब आणि ओल एकदम चढली. सायगाच्या घशात एरवी निमूट राहणारा पाश्चुरेला हा जिवाणू रक्तात उतरला. आमच्या गोठ्यातला तोच. आधी आया पडल्या, मग त्यांच्याभोवती घुटमळणारी पाडसं. आजार शिरला त्या कळपात मागे कुणी उरलं नाही. तीनेक आठवड्यांत दोन लाखांहून अधिक जनावरं. जगात होती त्यातली ६२ टक्के. एवढं सगळं गाळणाऱ्या नाकाच्या मागे, घशातच, वैरी बसलेला होता.

विणीची पाहणी करायला आलेल्या संशोधकांना मुडदे फाडून पाहायचं काम करावं लागलं. रिचर्ड कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या मरणावरचा निबंध २०१८मध्ये आला. १९८१ आणि १९८८ सालीही सायगा अशाच घाऊक मेल्या होत्या. त्या वर्षांच्या हवामानाच्या नोंदी त्यांनी काढल्या, तर मरणाआधीच्या दिवसांत हवेतला दमटपणा असाच चढलेला. आजोबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, त्यात नवल ते काय.

मी त्या निबंधात गुन्हेगार शोधत होतो. सायगाच्या गोष्टीत तो सहज सापडतो, एवढी सवय झालेली. सोव्हिएत संघ कोसळला, माळावर उपासमार आली, सरहद्दी उघडल्या, आणि नराचं मधाच्या रंगाचं शिंग ज्वरावरचं औषध म्हणून चीनकडे जाऊ लागलं. दहाएक लाखांची संख्या दहा वर्षांत हजारांवर आली. रशियातल्या काल्मिकियात नर इतके थोडे उरले की माद्याच उरल्यासुरल्या नराभोवती दुसऱ्या माद्यांना हुसकावू लागल्या; बहुतेकींची कूस रिकामी राहिली. हे वाचून संताप तरी करता येतो. बंदुकीला नाव असतं, बाजाराला भाव असतो. दमट हवेवर कुणी कसं रागवावं? आणि मोकळ्या माळावरच्या या रानटी गळ्यांना मृगाआधी टोचायला जाणार कोण?

पण सायगा परत आल्या. गस्ती वाढल्या, माळाचे मोठे पट्टे राखले गेले, आणि मूळचंच चिवट पोट: धडधाकट मादी बहुधा जुळंच देते. २०२२च्या मोजणीत कझाकस्तानात तेरा लाख, पुढच्या वर्षी एकोणीस लाख. २०२३च्या डिसेंबरात लाल यादीत त्यांना अतिसंकटग्रस्तांच्या रकान्यातून काढून बरंच अलीकडे आणून बसवलं. आता तर पिकं तुडवतात म्हणून शेतकरी कुरकुरतात आणि सरकार कळप कमी करायच्या गोष्टी बोलतं. आलेखावरची ती २०१५ची खाच कधीच भरून निघाली. आमच्याकडेही नवी गाय आली होती. आजीनं तिला त्या दाव्याला मात्र बांधू दिलं नाही. नवं दावं वळून घेतलं, आणि जुनं आढ्याला तसंच लोंबत राहिलं.

मे आला की बेतपाक-दालावर माद्या पुन्हा जमतात. नवजात पाडसं पहिले काही दिवस आईमागे धावत नाहीत. मान जमिनीला टेकवून, गवताच्या रंगाची होऊन, निपचित पडून राहतात. दुरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. जवळ जाऊन, वाकून, श्वास धरून बघावं लागतं, कान हलतो का ते.