मळ्यातल्या दोन खोल्या

वडज धरणाच्या खालच्या अंगाला आमची शेती. कांदा, टोमॅटो आणि थोडा ऊस. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो एका हंगामात घर सावरतो आणि पुढच्या हंगामात तोडणीची मजुरीसुद्धा निघू देत नाही. थोरल्याच्या कॉलेजचा खर्च समोर आला, तेव्हा शेतीला जोड हवीच, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. २०१८ साली सरकारनं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला होता. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर तर हाकेच्या अंतरावर. मळ्यातल्या घराशेजारी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायचं ठरलं.

दीर म्हणाले, "वहिनी, आधी बांधून घेऊ, कागदाचं मागनं बघता येईल." आमच्या यांनी, माझ्या नवऱ्यानं, ऐकलं नाही. शेतघराची परवानगी मिळते ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठी. पैसे घेऊन माणसं उतरवायची तर वेगळी नोंद लागते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते आणि शेतकऱ्याकडे किमान एक एकर जमीन असावी लागते. सातबारा, वीजबिल, जेवण देणार म्हणून अन्न परवाना, असं एकेक जमवताना तलाठी ऑफिस आणि तहसीलच्या पुष्कळ चकरा झाल्या. पण त्या कागदांमुळेच बँकेनं आम्हाला दारात उभं केलं आणि शाळेच्या सहली आमच्याकडे येऊ लागल्या.

पाहुणे येतात ते मुख्यतः जेवणासाठी, हे लवकरच कळलं. मासवडी आमच्या सासूबाईंच्या हातची. बेसन घट्ट शिजवून ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं आणि लसणाचं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळी करून हातानं दाबत तिला माशासारखी निमुळती कड आणायची. थंड झाली की वड्या कापायच्या आणि ताटात झणझणीत रस्सा वेगळा द्यायचा. शहरातल्या बायका ओट्यावर मांडी घालून बसतात आणि स्वतः थापून बघतात. चार लोकांचं हे जेवण करायला दोन बायांची सकाळ जाते. खोलीचं भाडं ठरवताना ही मजुरी धरावीच लागते.

हिशेबाचं बोलायचं तर शनिवार-रविवार भरलेले असतात, सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या. माघी गणेशजयंती, शिवजयंती, दिवाळीची सुट्टी हे आमचे दिवस. सगळ्यात मोठी गर्दी पावसाळ्यात, माळशेज आणि नाणेघाटाची. आणि नेमका तोच काळ बेभरवशाचा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हाभरातल्या धोक्याच्या ठिकाणांवर बंदीचे आदेश काढले. आमची बुकिंगं रद्द झाली, घेतलेली आगाऊ रक्कम परत दिली. मला त्या पैशाची हळहळ वाटली नाही. आपल्या घरातून न्याहारी करून निघालेलं लेकरू संध्याकाळी परत आलं नाही, तर कुठल्या तोंडानं जगायचं?

बिबट्याचं तसंच. आमच्याकडे उसात बिबट्याची मादी विते, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, इतका हा आमच्या रोजच्या जगण्याचा भाग. म्हणून पाहुण्यांना आल्या आल्या सांगते, दिवेलागणीनंतर मुलांनी ओट्याखाली एकट्यानं उतरायचं नाही. शेकोटी हवी तर अंगणात, दिवे लावून, सगळ्यांनी मिळून. बांधावर नाही. कुणी रुसलं तरी चालतं.

प्रत्येकाचं ओळखपत्र पाहून वहीत नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहिते. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. आमच्याच तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण असल्यानं असे पाहुणे इकडे येतात.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या पुण्याच्या एका कुटुंबाला आंबेगावात, आहुप्याच्या बाजूला जागा घेऊन भाड्याची कॉटेजं बांधायची होती. एजंटानं डोंगरउताराची जागा दाखवली होती, खाली डिंभे धरणाचं पाणी. "ताई, तुम्ही सोबत चला," म्हणाले. उतारा काढला तर इतर अधिकारात जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६ अ चा उल्लेख. म्हणजे आदिवासी खातेदाराची जमीन. ती बिगरआदिवासीला शासनाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. एजंट म्हणाला, नाव मूळ मालकाचंच ठेवू, नोटरी करून टाकू. असा करार कायद्यापुढे टिकत नाही, जमीन आदिवासीकडे परत जाते आणि वर बांधलेलं सगळं बुडतं. शिवाय एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकामाला मनाई आहे. माळीण याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. त्या कुटुंबानं विचार सोडून दिला.

पर्यटनामुळे स्थानिकांचं हातचं जाणं फक्त इथलंच नाही. बार्सिलोना शहरानं २०२८ पर्यंत पर्यटकांच्या भाड्याच्या घरांचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे, कारण तिथल्या माणसांना स्वतःच्या शहरात घर परवडेनासं झालं. आमच्याकडे घराआधी जमीन हातची जाते. इथल्या आदिवासी महादेव कोळ्यांच्या पोरांनी वडिलांच्या शेतात उभ्या राहिलेल्या रिसॉर्टमध्ये चादरी बदलायच्या, हे मला पटत नाही.

२०२५ च्या जुलैत शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला आणि जागा विचारणारे फोन वाढले. त्यांना मी एवढंच सांगते. जमीन घेऊ नका. इथल्या शेतकऱ्याकडे नोंदणी आहे का ते बघा, त्याच्याशी रीतसर भागीदारी करा, हिशेब रिकाम्या मंगळवारावर मांडा आणि पावसाळ्यात बंदी आली तर ती पाळा. एवढं ज्यांना जमेल, त्यांना सगळी कागदपत्रं दाखवायला मी स्वतः तहसीलला येईन.