बुरुजाच्या जिन्यातली भेट



प्रेमाचं चित्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं क्लिम्टचं सोनेरी ‘द किस’ येतं. उशीच्या अभ्र्यांवर, कॉफीच्या मगांवर, सगळीकडं तेच. मला ते जरा लग्नाच्या हॉलसारखं वाटतं, फार भरजरी. माझं आवडतं चित्र दुसरंच आहे. फ्रेडरिक विल्यम बर्टन या आयरिश चित्रकारानं १८६४ साली काढलेलं ‘द मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स’, म्हणजे बुरुजाच्या जिन्यातली भेट. ते डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी पाहिलंय ते मोबाइलवर, दोन बोटांनी मोठं करकरून.

अरुंद, वळणाचा दगडी जिना. त्याच्या अंगावर साखळ्यांचं चिलखत, वर लाल अंगरखा, डोक्यावर शिरस्त्राण. ती गर्द निळ्या पायघोळ झग्यात. दोघं एकमेकांना ओलांडून निघालीत. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलंय, पण एक हात मागं राहिलाय. तो हात त्यानं कवटाळून धरलाय आणि डोळे मिटून त्यावर ओठ टेकवलेत. तेही बाहीच्या कापडावरून. नजरेला नजर नाही. एवढंच घडतं चित्रात.

‘संयम’ हा शब्द आपण लहानपणापासून बस्तीत ऐकतो. मला तो नेहमी उपवासाच्या यादीतला, कोरडा वाटत आला. या चित्रात तो चांगला ओलाचिंब आहे. तिनं वळून पाहिलं असतं तर दोघांनाही पाय उचलता आला नसता, आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियट यांना हे चित्र फार आवडलं होतं. त्या सरदाराच्या लेखी हे चुंबन म्हणजे धर्मसंस्कारच, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. मला तर त्याचा चेहरा बघून अभिषेकानंतर गंधोदक डोळ्यांना लावणारी माणसं आठवतात. अगदी तसेच मिटलेले डोळे.

हे तैलचित्र नाही. कागदावर जलरंगात काढलेलं, जेमतेम ९५ सेंटिमीटर उंचीचं. उजेडानं त्याचे रंग उडतील म्हणून ते कपाटात बंद ठेवतात आणि आठवड्यातून अगदी थोडा वेळ उघडतात. लोक त्या वेळा पाहून जातात. आपल्याला यात नवल वाटायला नको. श्रुतपंचमीला आपणही हस्तलिखितं वेष्टनातून काढतो, दर्शन घेतो, पुन्हा बांधून ठेवतो. २०१२ साली आयर्लंडच्या लोकांनी मत देऊन हेच आपलं सर्वांत आवडतं चित्र ठरवलं. रोज भिंतीवर दिसलं असतं तर ठरवलं असतं का, कोण जाणे!

गोष्ट मात्र जुन्या डॅनिश पोवाड्यातली आहे. व्हिटली स्टोक्स या बर्टनच्या मित्रानं तिचं इंग्रजी भाषांतर केलं होतं. पुढं हे चित्र व्हिटलीच्या बहिणीकडं, मार्गारेटकडं होतं. ती १९०० साली वारली, तेव्हा तिनं ते मृत्युपत्रानं गॅलरीला देऊन टाकलं. म्हणजे गोष्ट भावानं आणली आणि चित्र बहिणीनं जगाला दिलं. चित्राच्या आतले भाऊ मात्र वेगळे आहेत.

ती हेलेलिल, राजकन्या. तो हिल्डेब्रँड, तिच्या बारा अंगरक्षकांतला एक, स्वतःही राजपुत्र. तिच्या बापाला हे पटलं नाही. त्यानं आपल्या सात मुलांना सांगितलं, याला मारा. लढाईत हिल्डेब्रँडनं बापाला मारलं, एकामागून एक सहा भावांना मारलं. सातव्यावर, धाकट्यावर हात उचलला तेव्हा हेलेलिल मधे आली. धाकटा वाचला. हिल्डेब्रँड जखमांनी गेला, मागोमाग तीही गेली.

बर्टननं यातलं काहीच दाखवलं नाही. रक्ताचा थेंब नाही. त्यानं निवडली ती आधीची भेट, सगळे जिवंत असतानाची. याबद्दल मी त्याला फार मोठा मानते. पण मनात धरून बसते ती न काढलेली जागा. बाप गेला, सहा भाऊ गेले, समोर तलवार उपसलेला आपला माणूस, आणि ही त्याच्याकडं एका जिवाचं अभयदान मागते. तेही आपल्याच माणसाला मारायला आलेल्या भावासाठी.

माझ्या एका मामेबहिणीनं परजातीत लग्न केलं. तिला तीन भाऊ. तलवारी कुणी काढल्या नाहीत, आपण अहिंसक माणसं! दार तेवढं बंद केलं. दशलक्षणात पहिल्याच दिवशी उत्तम क्षमेवर प्रवचन ऐकायचं, क्षमावाणीला गावभर हात जोडत फिरायचं, मोबाइलवर शेकडो लोकांना एकच मेसेज पाठवायचा आणि त्या यादीत सख्ख्या बहिणीचा नंबर नसायचा, हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही. थोरल्या दोघांना मी तोंडावर विचारलंय. उत्तर आलं नाही, चहा आला. धाकटा मात्र दरवर्षी तिला फोन करतो. घरात न सांगता, गच्चीवर जाऊन.

मागच्या महिन्यात मी तिला हे चित्र पाठवलं, खाली गोष्ट थोडक्यात लिहिली. वाटलं होतं, निळ्या रंगाबद्दल काही म्हणेल, तिला निळा आवडतो. तिनं फक्त एवढंच विचारलं, “आक्का, धाकट्याला सोडलं ना त्यानं?”

मी लिहिलं, “हो गं. तिनं मागितलं म्हणून.”