वाशीमचा धडा

प्रवचनानें ख्रिस्ती धर्म शिकवितां येतो असें मानणाऱ्यांनीं वाशीमकडे पाहावें. मिशनचा दवाखाना अमरावती-अकोल्याकडील आम्हां वऱ्हाडकरांस नवा नव्हे; धर्मांतराची धास्तीही जुनीच. १९३६ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन डॉ. ऑर्फा स्पायकर यांनीं १९३८ मध्यें, तेव्हां अकोला जिल्ह्यांत असलेल्या या गांवीं, रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभें केलें आणि परिचारिका घडविल्या. सडलेली जखम धुतांना गुरूचा चेहरा कसा राहतो, तें शिकाऊ मुलगी पाहतच असते. ख्रिस्तानेंही शिष्यांचे पाय धुऊनच त्यांस सेवा शिकविली. दुखण्याच्या घटकेस ऐकलेला उपदेश मोकळ्या मनानें ऐकलेला असतो काय? मला शंका आहे. त्या उपदेशापेक्षां ते धुणारे हातच मी अधिक खरे मानतों. जवळजवळ चाळीस वर्षें ते याच मुलखांत राबले.