पाणसळ

पाणसळ म्हणजे काय, असे मुलांनी विचारले की मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढून मोकळा होत असे. गेल्या वर्षी भाद्रपदात मिस्त्रींनी तीच रेघ आमच्या नेरूळच्या घराच्या चारी भिंतींवर ओढून दाखवली. साधन काय, तर पाण्याने भरलेली एक पारदर्शक नळी! एक टोक या कोपऱ्यात, दुसरे त्या कोपऱ्यात. दोन्हीकडचे पाणी स्थिरावले की तिथे पेन्सिलीची खूण. पाणी कोणाची भीड धरीत नाही. खुणांपासून खाली मापे घेऊन मिस्त्री म्हणाले, "सर, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत जमीन अठरा मिलिमीटर उतरलीय."

मला नवल वाटले नाही. लहानपणी आमच्या गोट्या आपण होऊन देवदर्शनाला जात! घर तळमजल्याचे, चाळीस वर्षांचे. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा या पट्ट्यात भातखाचरे होती, मिठागरे होती, खाडीची दलदल होती. तिथे भराव पडला, शहर उभे राहिले. हे सारे शहरच सपाट करून घेतलेले. विमानतळासाठी तर उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापली, नदीला वेगळी वाट दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथून विमाने उडू लागली. मग आमच्या अठरा मिलिमीटरांची काय कथा?

पण कथा होती. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खाल्ली आहे. पावसाळ्यात ओलसर लादीवरून ती एकदा घसरली, तेव्हा पुण्याच्या ताईने फर्मान काढले : लादी काढा, लाकडी जमीन करा, पैसे मी पाठवते. लाद्या निघाल्या आणि खालचे काँक्रीट उघडे पडले. देव्हाऱ्यापुढचा खळगा त्यातही होताच. मिस्त्रींनी त्याच्याभोवती खडूने गोल काढला.

"तेवढा राहू दे की रे बाबा," आई म्हणाली.

तेव्हा कुठे मला कळले, की तिन्हीसांजेला दिवा लावायला ती देव्हाऱ्यापाशी जाते ती डोळ्यांनी नव्हे. तळवा त्या खळग्यात उतरला की ती थांबते, हात पुढे करते आणि समई बरोबर हाताशी येते.

मिस्त्री तिच्याजवळ उकिडवे बसले. "आजी, खाली पोकळी ठेवली तर फळी पायाखाली दबते, कुरकुरते, मग सांध्यातली जीभ तुटते. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही बघा."

आईने माझ्याकडे पाहिले. ती पुन्हा पडली तर, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. मी मिस्त्रींना म्हटले, "भरून टाका." आई उठून आत गेली.

उंचवटे यंत्राने घासले. घरभर अशी धूळ, की चहावर साय धरावी तशी धरे. मग प्रायमर, नाहीतर जुने काँक्रीट वरच्या मिश्रणातले पाणी पिऊन टाकते. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके पातळ, पण पाणी अगदी मोजून. जास्त झाले तर वरचा थर भुसभुशीत होतो. ओतले की ते आपले आपणच सखल जागा शोधीत जाते. खळगा पाहता पाहता दिसेनासा झाला.

फळ्या मात्र लगेच टाकायच्या नसतात. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन जमिनीवर चारी कडांनी चिकटवून मिस्त्री घरी गेले. सोळा तासांनंतर पाहतो तो आतून दवाचे थेंब! ओल अजून होती. अशा ओलीवर लाकूड घातले तर ते फुगते. ताईचा रोज फोन : "दिवाळीपर्यंत होणार ना?" मिस्त्री म्हणत, "जमीन सांगेल तेव्हा." दसरा उलटल्यावर चौकोन कोरडा निघाला. तरी फळ्यांचे गठ्ठे दोन दिवस खोलीत नुसते पडून राहिले, इथली हवा अंगी लागावी म्हणून. आणि बसवताना भिंतीलगत बोटभर जागा सोडली, पावसाळ्यात त्यांना पसरता यावे म्हणून.

पहिल्या संध्याकाळी आईचा हात देव्हाऱ्याऐवजी कपाटावर पडला. "परकं घर झालं," एवढेच ती बोलली. दिवा मी लावला. मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारापासून अनवाणी चालताना दिसली. फळ्या दारापासून देव्हाऱ्याच्या भिंतीकडे लांबीने बसवलेल्या. दोन फळ्यांमध्ये बारीक घळ असते. पायाचा अंगठा त्या घळीत ठेवून ती हळूहळू सरकत होती. एक घळ कपाटाशी गेली. ती परतली आणि पलीकडची घेतली. मी दारात उभा होतो. हात धरावा असे वाटत होते, धरला नाही. अकराव्या पावलाला ती थांबली, हात पुढे केला. समई चार बोटे डावीकडे होती. तिने ती उचलली आणि चार बोटे उजवीकडे ठेवली.

"काडेपेटी कुठे ठेवलीस रे?" तिने विचारले.