स्कॉर्पिओ कुणाची? माझी!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडचं लाडकं वाक्य. जर्मनीत काय, ऑटोबान आहे, बीएमडब्ल्यू आहे. परभणीत काय आहे? परभणीत स्कॉर्पिओ आहे, बॉस! पांढरीशुभ्र नाहीतर काळीकुट्ट. ती थांबली की चहाच्या टपरीवरचे चारजण जरा सावरून उभे राहतात. साहेब उतरणार, नाहीतर पुढारी. आता त्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवरून जीन्स-कुर्ता घातलेली, खांद्याला झोळी अडकवलेली एक मुलगी एकटीच उतरली तर? गेले आठ महिने परभणीकर हे दृश्य बघताहेत. ती मुलगी म्हणजे मी. मासकॉमची डिग्री, फ्रीलान्सिंगचा उद्योग आणि सेकंडहँड स्कॉर्पिओ!

पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात, तुला मसल कारच हवी होती तर सरळ मस्टँग बघायचीस. हो का? मसल कारचा मूळ फंडा अमेरिकन. 1964 मध्ये पाँटिॲकने मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं दांडगं व्ही-8 इंजिन बसवून जीटीओ आणली. अंग मध्यम, इंजिन राक्षसी, ताकद मागच्या चाकांना आणि किंमत कमावत्या तरुणाला झेपेल एवढी. आपल्याकडे फोर्डने मस्टँग आणली ती 2016 मध्ये, 5 लिटरचं व्ही-8 इंजिन आणि 65 लाखांच्या घरातली किंमत घेऊन. पुढे 2021 मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवण्याची घोषणाही केली. त्यामुळे जुनी मस्टँग घेणं म्हणजे आधी खिसा रिकामा करायचा आणि मग सुट्या भागांसाठी वणवण फिरायचं. त्यात आमच्या तालुक्यांच्या रस्त्यावर तिचं पोट पहिल्याच खड्ड्यात टेकणार!

आमची मसल कार नाशिकहून आली. महिंद्राने जून 2002 मध्ये स्कॉर्पिओ बाजारात आणली. शिडीसारखी मजबूत चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी आणि मागच्या चाकांना ताकद. मी घेतलेली 2015 चं मॉडेल आहे. 2.2 लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन, 120 हॉर्सपॉवर. मस्टँगच्या 400 पुढे हा आकडा चिल्लरच. पण आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होत जातो. तिथे शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे कोण विचारतंय? शेवटच्या गावापर्यंत पोचते का, एवढंच विचारतात.

आमचे बाबा निवृत्त गुरुजी. त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘बाई, दोन लाखांत एखादी ऑल्टो बघ की. हे एवढं मोठं धूड कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, तुम्हीच तर सांगता ना, सोनपेठहून रात्री एकटीनं येऊ नको म्हणून?’’ बाबा गप्प. माझ्याकडे साडेतीन लाख साठलेले होते. चार वर्षांचे लेख, भाषांतरं, जाहिरातींच्या कॉप्या, सगळं त्यात आलं. बाबांनी लग्नासाठी ठेवलेल्या एफडीला हात लावायचा नाही, हे माझं मीच ठरवलेलं.

मग सुरू झाली शोधमोहीम. सोबतीला धाकटा भाऊ. वय 19, लायसन्स नाही, लक्ष सगळं मोबाईलमध्ये. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी पूर्ण अर्धा तास त्याच्याशीच बोलत होता! ‘‘बघा मालक, एकदम घरगुती वापरलेली गाडी.’’ प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं त्याला मिळायची. शेवटी भाऊच वैतागून म्हणाला, ‘‘काका, पैसे ताई देणार आहे.’’ तेव्हा कुठे आमच्यासाठी चहा आला, तोही आधी त्यालाच!

दिल्लीची गाडी घ्या, लाखभर स्वस्त पडेल, असंही एकाने सुचवलं. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली होती. त्यामुळे वय होत आलेली गाडी तिथे कमी भावात मिळायची. पण इकडे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर. हिशेब मांडला तर वाचलेला लाख कागदांतच विरघळायला लागला. म्हणून ठरवलं, गाडी एमएच-22 चीच.

आमच्या गल्लीजवळचे मिस्त्रीचाचा सोबत आले नसते, तर मी फक्त रंग आणि सीट कव्हर बघत बसले असते. पहिली गोष्ट त्यांनी काय केली? बॉनेटला हात लावला. गरम. ‘‘सुबह आते, थंडी गाडी दिखाओ,’’ एवढंच बोलले आणि आम्ही परत. दुसऱ्या दिवशी गार इंजिन एका चावीत सुरू झालं. चाचांनी ऑइलचं झाकण काढून धूर येतोय का बघितलं. टर्बोच्या पाइपवर बोट फिरवून तेल तपासलं. दरवाजांचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले, कारण ठोकलेली गाडी तिथे पकडली जाते. टायरवर चार आकडी तारीख असते, हे तुम्हाला माहीत होतं? पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटर मागे फिरवता येतं, पण झिजलेलं क्लच पेडल नवं दिसत नाही, हे चाचांचं ज्ञान. चाचांचा निकाल एका वाक्यात, ‘‘इंजन झूठ नहीं बोलता बेटी, बेचनेवाला बोलता.’’

सौदा ठरला 5 लाख 70 हजारांना. आणि इथे खरी गंमत सुरू झाली! विकणाऱ्याने दोन वर्षं गाडी वापरली होती, पण आरसीवर नाव अजून त्याच्या आधीच्या मालकाचं. म्हणाला, ‘‘टीटी फॉर्मवर सह्या आहेत ताई, टेन्शन नको. आमच्याकडं असंच चालतं.’’ चालतं खरं. पण फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की, गाडी मधल्यामध्ये कितीही हातांतून फिरो, अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे त्याचीच. मी तेवढंच मूळ मालकाला फोनवर ऐकवलं. दोन वर्षं न सापडणारा माणूस दोन दिवसांत परभणीत हजर! फॉर्म 29 आणि 30 वर समोर बसून सह्या झाल्या, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद बघितली, ई-चलन भरून घेतली, चेसिस नंबर आरसीशी जुळवला आणि मगच पैसे दिले. जाता जाता एक टिप: इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. तो धरून कुणी भाव वाढवत असेल तर हसून सोडून द्या.

उरले सव्वादोन लाखांचं कर्ज. मला सॅलरी स्लिप नाही. सगळ्यांचा सल्ला एकच, गाडी बाबांच्या नावावर घे. पेन्शन आहे, कर्ज पटकन होतं, व्याजही कमी पडतं. घरातसुद्धा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. गाडी तूच तर चालवणार, नाव कुणाचं का असेना! मला मात्र तिथेच अडल्यासारखं झालं. पैसे माझे, हप्ते माझे, डिझेल माझं आणि आरसीवर नाव दुसऱ्याचं? तीन वर्षांचे आयटीआर काढले, बँकेच्या पाच चकरा मारल्या, व्याज पाऊण टक्का जास्त स्वीकारलं. आरसी हातात आल्यावर बाबांनी चष्मा लावून माझं नाव मोठ्यांदा वाचलं आणि ती स्वतःच कपाटात ठेवली. जिथे एफडीच्या पावत्या ठेवतात, तिथेच.

आता हिशेब. लिटरला बाराच्या आसपास किलोमीटर देते, म्हणजे महिन्याला खिशाला भोक ठरलेलं. 2030 मध्ये 15 वर्षं पूर्ण होतील, तेव्हा पुन्हा तपासणी, पुन्हा फी. मग मिळालं काय? सांगते. पूर्वी शेवटची एसटी गाठायची म्हणून पाचलाच गाव सोडायचे. पाचपर्यंत पारावर निवांत बोलायला कोण असतं? पुरुष. बचत गटाच्या बायका भाकऱ्या थापून, भांडी घासून रात्री साडेआठनंतर जमतात. सोयाबीनचे पैसे कुणाच्या खात्यात गेले, फायनान्सवाला दारात येऊन काय बोलला, हे सगळं तेव्हा निघतं. आता मी शेवटपर्यंत बसते. परवा गंगाखेडजवळच्या एका गावात मीटिंग संपायला अकरा वाजले. एक मावशी अंगणापर्यंत सोडायला आल्या, बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, ‘‘कोणाची म्हणायची ही?’’

‘‘माझी,’’ म्हटलं.

‘‘मंग बस अजून थोडं,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘खरं सांगायचं तर राहूनच गेलं.’’